एकही माशी नाही

पलीकडच्या बड्या देशांच्या संघाने शेजारच्या छोट्या देशांना आपला बाजार खुला केला आणि लोणीवाल्या काकूंच्या दूधघरात संघाच्या तपासणी साहेबांची ये-जा सुरू झाली. पहिल्या खेपेला साहेब म्हणाले, भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या टाइल्स हव्यात. काकूंनी लावल्या. दुसऱ्या खेपेला स्टीलची टाकी हवी झाली, तिसऱ्या खेपेला थंड खोली. काकूंच्या कपाळाला आठ्या पडल्या, पण तेही त्यांनी केलं.

आज साहेब बुटांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवून आत आले. टाइल्सवरून बोट फिरवलं, टाकीत डोकावले, गोठ्याकडच्या बंद दारापाशी उभं राहून लांब श्वास घेतला.

"कमाल केलीत काकू! शेणाचा वास नाही की एक माशी नाही. आमच्याकडेसुद्धा इतकं चकाचक दूधघर सापडायचं नाही. पास! उद्यापासून तुमचं लोणी खुशाल आमच्या बाजारात पाठवा."

काकूंनी गोठ्याचं दार सताड उघडलं. आत नुसते खुंटे होते.

"दोन गाई टाइल्समध्ये गेल्या साहेब, एक टाकीत. उरलेली काल तुमच्या थंड खोलीपायी विकली. आता माशी तरी कुणाच्या अंगावर बसायला येणार?"