जवळचा चहा

पर्यावरणावरचं व्याख्यान ऐकून आलेल्या मंदाकिनीबाई सासवडच्या वाण्याला प्रत्येक पुड्यामागे विचारू लागल्या, "हे कुठून आलं?" ट्रकचा धूर सोडत लांबून येणारं काहीही त्या आता घेणार नव्हत्या. बाजरी, गूळ, घेवडा पिशवीत गेले. चहा आसामचा निघाला, तेव्हा त्यांनी जड मनाने पुडा परत ठेवला.

"अगं, चहाशिवाय?" दिगंबरराव कळवळले.

"अहो, गवती चहा उकळून देते की!"

दुसऱ्या दिवशी ते हिरवं पाणी पिऊन बाईंचंच डोकं ठणकायला लागलं. पण नवऱ्यापुढे शब्द मागे घ्यायचा कसा? शेवटी विरजणाचं निमित्त काढून त्या शेजारच्या शहावहिनींकडे गेल्या. तिथे दिगंबरराव चहा भुरकत बसलेले! बायकोला बघून त्यांनी बशी घाईघाईने खाली ठेवली.

बाईंनी वाफाळत्या किटलीकडे पाहिलं आणि बैठक मारली.

"भिंतीपलीकडचा म्हणजे जवळचाच की! ओता वहिनी, मलाही."