विकलेली होडी

पायलटचा गणवेश घालून अविनो पहिल्यांदाच गावी आली, तेव्हा व्हिक्टोरिया सरोवराकाठी मासे साफ करणाऱ्या बायकांनी तिला घेरलं. विमानकंपनीने नोकरी देताना प्रशिक्षणाचा खर्च तिच्याकडूनच मागितला होता, म्हणून आईने होडी विकली होती. आता आई दुसऱ्यांच्या होड्यांतले मासे कापायची, पण लेकीचं कौतुक सांगताना थकायची नाही. शेजारच्या अपियोने विचारलं, “आमच्या पोराला, ओकेचलाही, तुझ्याच कंपनीतून बोलावणं आलंय. मीही होडी विकू ना गं?” “नको, मावशी.” “वा गं वा! स्वतः वर चढलीस आणि आता शिडी ओढून घेतेस?” बायका खिदळल्या. अविनोला आईकडे बघवेना. “मला पगार नाही, मावशी. विमान उडवायला मिळावं म्हणून अजून मीच कंपनीला पैसे भरते.” हसू विरलं. आईची सुरी थांबली. मग ती अपियोला म्हणाली, “ऐकलंस ना? विकू नकोस,” आणि तिने पुढचा मासा उचलला.