मे महिन्यातलं माप

मॅडमनी मापाची वही बघायला मागितली, आणि शिलाईवालीचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच थांबला.

एकोणीस वर्षांत कुणा गिऱ्हाइकाने ती वही मागितली नव्हती. बायका माप द्यायला येतात, ऐकायला नाही. पोटाला टेप लावली की श्वास आत ओढून घेतात आणि आकडा कानावर पडायच्या आत दुसराच विषय काढतात. शिलाईवालीही काही कच्च्या गुरूची चेली नव्हती. आकडा गुपचूप वहीत उतरवायची आणि तोंडाने म्हणायची, "बारीक झालात हो." दुकान अशानेच चालतं.

"डॉक्टर विचारतायत, पोट कधीपासून वाढतंय," मॅडम म्हणाल्या. "मी म्हटलं, महिना-दीड महिना. ते म्हणाले, नीट आठवून सांगा. मला सांगताच येईना, ताई."

मग त्यांनी बाकीचंही सांगितलं, वर्गात सांगावं तसं, क्रमाने. पोटात पाणी झालंय. बीजकोशावर गाठ आहे, मोठी. येत्या सोमवारी ऑपरेशन. आवाज कुठे हलला नाही. फक्त पर्सचा बंद त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट धरला होता.

या मॅडम म्हणजे मुलींच्या शाळेत पंचवीस वर्षं जीवशास्त्र शिकवलेल्या. भल्या सकाळी वीसेक बायकांना घराबाहेर काढून तळ्याभोवती चालायला लावलं ते त्यांनीच. साखर किती, मीठ किती, रक्त कधी तपासायचं, सगळं त्यांना विचारायचं आणि त्यांचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, अशी गावातल्या बायकांची रीत. शिलाईवालीने शाळा सहावीतच सोडलेली. माणसाच्या शरीरात मॅडमना ठाऊक नाही असं काही असेल, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

वही समोरच्याच खणात होती. तरी तिने आधी कपाट उघडलं, कापडांचे गठ्ठे इकडचे तिकडे केले, मशीनच्या मागे वाकून बघितलं. शेवटी खण उघडला. पान मात्र शोधावं लागलं नाही.

फेब्रुवारी: दंड साडेबारा, पोट चौतीस. मे: दंड पावणेबारा, पोट साडेछत्तीस. ऑगस्ट: दंड अकरा, पोट एकोणचाळीस.

चालून उतरलेलं अंग तिला पाठ होतं. तिच्याकडच्या बायकांची कंबर आधी सैल व्हायची, दंड उतरायचे ते सगळ्यात शेवटी. इथे सगळं उलटं चाललं होतं. खांदे-दंड वाळत होते आणि पोट पुढे येत होतं. मे महिन्यात तिने टेप दोनदा लावली होती, आपलंच काही चुकलं असेल म्हणून. चुकलं नव्हतं. नवा ड्रेस घालून बघताना मॅडमनी आरशासमोर उभं राहून विचारलंही होतं, पोट फुगल्यासारखं दिसतंय का. आणि ती म्हणाली होती, कापड ताठ आहे, एकदा धुतलं की बसेल. वर दंड काय छान उतरलेत म्हणून कौतुक केलं ते वेगळंच. एवढी शिकलेली बाई, तिला आपण काय सांगायचं, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती. खरं तर तिला गिऱ्हाईक दुखवायचं नव्हतं.

यातलं काही वहीत नव्हतं. आणि मॅडम ते विसरून गेलेल्या दिसत होत्या.

त्यांनी चष्मा लावला आणि तिन्ही मापं महिन्यांसकट एका चिठ्ठीवर उतरवून घेतली. मे महिन्यापाशी पेन जरासं थांबलं, मग पुढे गेलं.

"उपकार झाले, ताई," त्या म्हणाल्या. "बरं झालं, तुम्ही सगळं लिहून ठेवता. माझ्याबरोबर रोज चालणाऱ्या बायकांत एकीच्याही लक्षात आलं नाही बघा."

शिलाईवालीला ते जिव्हारी लागलं. मॅडमनी चार शब्द सुनावले असते तरी इतकं लागलं नसतं. गप्प बसली असती तर सगळं खपूनही गेलं असतं. मॅडम चिठ्ठी घडी करून पर्समध्ये ठेवून उठल्याच होत्या. पण त्या दारापर्यंत गेल्या आणि तिला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. दोनदा लावलेली टेप, आरशासमोरचं बोलणं, कापड ताठ असल्याची थाप. सांगताना रडू फुटलं, आणि त्या रडण्याचीही तिला लाज वाटली. रडायची पाळी आपली नाही, एवढं तिला कळत होतं.

मॅडम चपला घालता घालता थांबल्या. त्यांनी भिंतीला हात टेकला.

"सुती होतं ते कापड," त्या म्हणाल्या. "मीच घरून धुऊन आणलं होतं. चांगलं मऊसूत. ताठ कुठलं असायला?"

शिलाईवालीला वर बघवेना.

"तरी तुम्ही तसं म्हणालात, तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं, ताई. दुसऱ्या दिवशी तळ्याला दोन फेऱ्या जास्त मारल्या मी."