गार चहा

चहाचा कप सांभाळत आई जिना चढली आणि वरच्या खोलीपाशी येऊन थबकली. दार नव्हतंच. दार, चौकट, मागचा जाड काळा पडदा, सगळं गवंड्याने कधीच काढून टाकलं होतं. छताला काच बसली होती, आणि जिथे तिचे यजमान लाल दिव्यात फोटो धूत, तिथे लेक भर उन्हात घरांचे नकाशे काढत बसली होती.

घराचं रूपडं पार पालटलं होतं. दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंतींनी चेपलेलं ते अरुंद घर. पूर्वी दिवसाढवळ्याही जिन्यात चाचपडावं लागे. "काकू, आता सुई पडली तरी सापडेल," गवंडी ऐटीत म्हणाला होता. लेकीला राहायला घर आणि कामाला जागा एकाच छपराखाली मिळाली, याचा आईला आनंदच होता. फक्त आपण इथे राहणार की भावाकडे परत जाणार, ते तिने अजून सांगितलं नव्हतं. तिची बॅग खाली बांधलेलीच होती. ज्या घरात तिचे गेलेले यजमान कुठेच उरले नाहीत, तिथे आपला जीव रमेल असं तिला वाटत नव्हतं.

सवयीने तिने भिंतीवर टकटक केली.

नवी नवरी असताना ती एकदा चहा घेऊन तशीच आत घुसली होती आणि कुणाच्या तरी लग्नाचे फोटो काळेठिक्कर पडले होते. तेव्हापासून नियमच झाला. टकटक करायची, आणि आतून 'जरा थांब, उमटतोय' आलं की कप धरून उभं राहायचं. चहाचं पार पाणी व्हायचं. त्यावरून तिने जन्मभर कटकट केली. आज तेवढं ऐकायला ती दिवसभर उभी राहिली असती.

"जरा थांब," आतून आवाज आला. लेकीने मानही वर केली नव्हती. "एवढी रेघ होऊ दे."

आई भिंतीला टेकून उभी राहिली. ऊन पायांवर आलं होतं. चहावर साय धरली, तरी तिने हाक मारली नाही.

बऱ्याच वेळाने लेकीने पेन्सिल खाली ठेवली. "अगं, बाहेर काय उभी राहिलीस? दार तरी आहे का आता?"

"माझी बॅग वर आणून ठेव," आई म्हणाली. मग कपाकडे बघत, जुन्याच तक्रारीच्या सुरात, "आणि चहा गार झाला बघ."