शेवटचं कोरं पान

मुलानं लिहिलेली कादंबरी मालनबाईंनी वाचनालयातच बसून संपवली. घरी न्यायचा धीर झाला नाही. त्यातल्या राजपुत्राला त्याची आई लहानपणी भुयारात कोंडते, तिथला काळोख त्याच्या अंगात भिनतो आणि त्यातूनच त्याला अचाट बळ येतं. आई मरते तेव्हा तो मागे वळूनही बघत नाही.

शेवटच्या कोऱ्या पानावर वाचकांनी आपापली मतं खरडली होती. 'आई कसली, कैदाशीण!' 'ती मेली तिथं मी टाळ्या वाजवल्या.' 'भुयाराचं प्रकरण एक नंबर!'

भुयार नव्हतंच ते, धान्याची कोठी होती. नवरा दारू पिऊन कोयता घेऊन आला, तेव्हा चार वर्षांच्या पोराला आत ढकलून त्यांनी बाहेरून कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. खांद्यावरचा वण अजून आहे. दुसऱ्या दिवशी बापानं जिलबी आणली, पोर त्याच्या गळ्यात पडलं. त्या गप्प राहिल्या, त्या कायमच्याच. आता बारा वर्षं मुलगा फोन उचलत नाही.

त्यांनी ग्रंथपालांकडून पेन मागून घेतलं आणि सगळ्यांत खाली लिहिलं, 'तिनं त्याला वाचवायला कोंडलं होतं.' कधीतरी तो इथं येईल, हे पान बघेल, एवढीच आशा.

पंधरवड्यानं त्या पुन्हा आल्या. त्यांच्या वाक्यावर कुणीतरी काट मारली होती आणि खाली लिहिलं होतं, 'असं पुस्तकात कुठंच नाही. आधी नीट वाचा, मग मत द्या.'