दाण्याभोवतीची जागा

मोठ्या लढाईची वर्षं होती. उंब्रजच्या शाळेत जोतीराम गुरुजींनी सारवलेल्या जमिनीवर रांगोळीनं अख्खं जग काढलं आणि म्हणाले, "लढाईवर गेलेलं आपलं माणूस जिथं असेल, तिथं जोंधळ्याचा एक दाणा ठेवा." अकिलाचा भाऊ इजिप्तात होता, चंद्राचा काका इटलीत. विजयमालानं ब्रह्मदेशात बापाचा दाणा ठेवला, तशा पोरी एकमेकींकडे बघू लागल्या. गुरुजींनी खिडकीबाहेर पाहिलं.

शनिवारी शेणाची पाटी आली, पण पोरी सारवायला उठेनात.

"आवं गुरुजी, माणूस वाटंला लागलं की मागं सारवत न्हाईत," चंद्रा म्हणाली. "सारवत्यात ते मढं उचलल्यावर."

"बरं गं आजीबाई, दाण्याभोवतीची जागा सोडा," गुरुजी हसले.

सारवता सारवता समुद्र गेले, वाळवंटं गेली. ब्रह्मदेशापाशी चंद्राचा हात थांबला.

"इजे, तुझा दाणा उचल की. तुझा बा गेल्याची तार आली न्हवं?"

विजयमालानं दाण्यावर ओंजळ उपडी घातली.

"आई अजून घर सारवू देत न्हाई," ती म्हणाली.