क्लिप न लावलेलं पान

कर्स्टननं ब्रश रंगात बुडवला आणि आर्डिसला आठवलं, त्या पानाला क्लिप लावायची राहिली.

अमेरिकेतल्या सरोवराकाठच्या, थंड डलूथ शहराच्या वाचनालयाचं तळघर. गुरुवारची सकाळ. सात बायका, सात चित्रवह्या. मनात असेल ते रंगवायचं, चिकटवायचं, खरडायचं. नियम दोनच. खासगी पानाला क्लिप लावायची, ते कुणी उघडायचं नाही. आणि उठण्याआधी वही डावीकडच्या बाईला द्यायची. तिनं पुढच्या कोऱ्या पानावर रंगाचा एक पातळ हात फिरवून ठेवायचा. कोरं पान बघून पुढच्या गुरुवारी कुणाची छाती दडपायला नको.

आज आर्डिसच्या डावीकडे तिची लेक कर्स्टन बसली होती. आईला कायमचं घेऊन जायला फिनिक्सहून आलेली. शनिवारचं विमान.

"नारिंगीच घेते," कर्स्टन म्हणाली. "आमच्याकडे संध्याकाळी आभाळ अस्संच होतं, आई. तुझ्या खोलीचे पडदे बघितलेस ना फोटोत? तोच रंग."

"थांब गं, ते पान नको."

"का? कोरं तर आहे."

दिसायला कोरंच. पांढऱ्या कागदावर पांढरा मेणखडू कुणाला दिसतो? म्हणून तर आर्डिसनं त्याच खडूनं लिहिलं होतं. मेणावर पाण्याचा रंग धरत नाही, लिहिलेलं पांढरं उठून दिसतं, हे त्या टेबलावर सगळ्यांना ठाऊक होतं. कर्स्टन सोडून.

पहिला हात फिरला.

      मला फिनिक्सला

दुसरा.

      जायचं नाही

ब्रश थांबला. टेबलावरच्या सगळ्या माना त्या पानाकडे वळल्या.

"लिंबाच्या वड्या घ्या ना कुणीतरी," समोरून लव्हॉन म्हणाली.

"गप बस, लव्हॉन," कुणीतरी दटावलं.

आर्डिसनं वही ओढायला हात पुढे केला. कर्स्टननं तो कोपरानं अडवला. ब्रश पुन्हा फिरला.

      पण कर्स्टनला कोण सांगणार

      तिनं पडदे घेतलेत

पानाच्या तळाशी बोटभर जागा उरली होती. तिथंही.

      तेही नारिंगी

कुणीतरी फिस्सकन हसलं आणि खोकल्याचं नाटक केलं. आर्डिसनं डोळे मिटून घेतले.

"तीन महिने," कर्स्टन हळू आवाजात म्हणाली. "तीन महिने फोनवर 'हो गं, हो गं' करत होतीस."

"तू किती खुशीत होतीस."

"मी? अगं, तुला इथं एकटं वाटत असेल म्हणून मी..."

"एकटं?" आर्डिसनं डोळे उघडले. "या सहाजणी बघ. मला एकटीला शिंकतासुद्धा येत नाही."

सहाजणींनी माना डोलावल्या. लव्हॉननं नाक शिंकरलं.

कर्स्टननं वहीचं शेवटचं पान उघडलं, पेटीतला पांढरा मेणखडू उचलला आणि परीक्षेत झाकतात तसा डाव्या हाताचा आडोसा करून काहीतरी लिहिलं. क्लिप लावली नाही. वही आईपुढे सरकवली.

"घे. आता तुझा हात."

आर्डिसनं निळा घेतला. बाहेरच्या सरोवराचा, थंड, राखाडीकडे झुकणारा. ती ब्रश जपून, थोडाथोडा फिरवत गेली, तशी अक्षरं तुकड्यातुकड्यानं वर आली.

      पडदे

            परत

                  करता येतात